घाट : मराठी सौंदर्यविचाराची एक राहिलेली बाजू

(१)

कादंबरीचा घाट, कवितेचा घाट, लघुनिबंधाचा घाट असे शब्दप्रयोग मराठी समीक्षेत इतके रुळले आहेत की ‘घाट’ हा शब्द समीक्षेचाच असावा, असे विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः तो तांबट, कुंभार आणि सोनार यांच्या व्यवहारातून आला आहे. भांड्याचा घाट सुबक असतो, पाटल्यांचा घाट जुना असतो, एखाद्या मूर्तीचा घाट बेढब असतो. समीक्षेची इतर परिभाषाही याच वाटेने आली आहे. वीण आणि पोत विणकराकडून आले. बांधणी, घडण, जडण, ठसा, साचा हे शब्द निरनिराळ्या कारागिरांकडून आले. साहित्यकृतीच्या रूपाविषयी बोलावयाचे झाले की मराठी समीक्षकाला कारागिराच्या शब्दांवाचून गत्यंतर नसते.

असे असूनही मराठी सौंदर्यशास्त्राने कारागिराच्या वस्तूला आपल्या विचारात क्वचितच स्थान दिले. शब्द घेतला आणि ज्या वस्तूंवर तो शब्द घडला त्या वस्तू मात्र उंबरठ्याबाहेर ठेवल्या. उपयुक्त वस्तूचे सौंदर्य हे दुय्यम, मिश्र आणि म्हणून तात्त्विक विचारास अपात्र, असे एक गृहीत त्यामागे आहे. हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. त्याचा तोटा तांब्या-घागरींना झालेला नाही. त्या वस्तूंना सौंदर्यशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज कधीच नव्हती. तोटा झाला आहे तो साहित्यविचाराचा.

(२)

या गृहीताला मराठीत जे तात्त्विक बळ मिळाले, त्याचा उगम बा. सी. मर्ढेकर यांच्या विचारात शोधावा लागतो. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट्स अँड मॅन’पासून १९५५ सालच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पर्यंत मर्ढेकरांनी एका प्रश्नाचा सातत्याने पाठपुरावा केला : कलाकृतीच्या घटकांना एकत्र बांधणारे असे कोणते तत्त्व आहे की जे तर्काच्या किंवा व्यवहाराच्या बांधणीहून वेगळे आहे? या प्रश्नाला त्यांनी ‘लय’ हे उत्तर दिले आणि संवाद, विरोध व समतोल असे लयीचे तीन नियम सांगितले. सौंदर्य घटकांत नसते, घटकांमधील संबंधांत असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा आजही टिकून आहे.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी कोणत्याही उपयोजित कलेच्या शाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला परिचित असते. संकल्पनाची मूलतत्त्वे म्हणून एकता, विरोध, समतोल, लय, प्रमाण ही तत्त्वे त्याला शिकविली जातात. आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन कलाशिक्षकाने १८९९ सालच्या ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात विरोध, संक्रमण, गौणीकरण, पुनरावृत्ती आणि सममिती अशी पाच तत्त्वे मांडली होती. १९१९ साली वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउसमध्ये योहानेस इटेन यांचा प्राथमिक अभ्यासक्रम विरोधाच्या तत्त्वाभोवतीच रचलेला होता : खडबडीत-गुळगुळीत, उजळ-गडद, मोठे-लहान. आपल्याकडे कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची जी षडंगे येतात, त्यांतील ‘प्रमाण’ आणि ‘लावण्ययोजना’ ही अंगे याच जातीची आहेत. मर्ढेकरांनी ही तत्त्वे तेथून उचलली, असे म्हणावयाचे नाही. सुचवावयाचे आहे ते इतकेच की, घटकांच्या संघटनेचे जे नियम त्यांना शुद्ध कलेच्या विश्लेषणातून गवसले, तेच नियम खुर्ची, वस्त्र आणि अक्षरमुद्रा घडविणारांनी आपल्या कामातून शोधून काढले होते.

हे साम्य योगायोगाचे मानले तर ते निरर्थक ठरते. ते अर्थपूर्ण मानले तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. लयीचे नियम उपयुक्त वस्तूलाही लागू पडत असतील, तर उपयुक्ततेपासून अलिप्त असणे हे सौंदर्याचे लक्षण कसे ठरते?

(३)

या प्रश्नाचे प्रतिष्ठित उत्तर कांटच्या नावाने दिले जाते. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये कांटने मुक्त सौंदर्य आणि परायत्त सौंदर्य असा भेद केला. वस्तू काय आहे, कशासाठी आहे, या संकल्पनेचा आधार न घेता जे सौंदर्य प्रतीत होते ते मुक्त. वस्तूच्या प्रयोजनाची संकल्पना ज्यात गृहीत असते ते परायत्त. मराठीत ‘शुद्ध’ कलेचा कैवार घेणारे बहुधा या भेदातील पहिल्या पदाचा आश्रय करतात.

परंतु कांटने दिलेली उदाहरणे पाहिली तर चित्र उलटे दिसते. मुक्त सौंदर्याची त्याची उदाहरणे म्हणजे फुले, काही पक्षी, सागरी शिंपले, शब्दावाचूनचे संगीत आणि भिंतीला चिकटवावयाच्या कागदांवरील पानाफुलांची वेलबुट्टी. परायत्त सौंदर्याची उदाहरणे म्हणजे मनुष्य, घोडा आणि इमारत : चर्च, राजवाडा, शस्त्रागार, उद्यानगृह. शुद्धतेची कसोटी अशी काटेकोरपणे लावावयाची म्हटले तर भिंतीवरच्या कागदाची वेलबुट्टी पहिल्या पंगतीत बसते, आणि भाषेच्या माध्यमातून, म्हणजे संकल्पनांच्याच माध्यमातून घडणारी कादंबरी बाहेर राहते. साहित्यकृतीला ‘शोकांतिका’ म्हणून, ‘अभंग’ म्हणून, ‘चरित्र’ म्हणून ओळखल्याखेरीज तिचा आस्वाद पुरा होत नाही. तिचे सौंदर्य इमारतीच्या जातीचे आहे. मर्ढेकरांनाही ही अडचण टाळता आली नाही. शुद्ध संवेदनांवर आधारलेली त्यांची लयमीमांसा संगीताला आणि चित्राला जितक्या सहजतेने लागू पडते, तितक्या सहजतेने ती अर्थाच्या माध्यमात वावरणाऱ्या साहित्याला लागू पडत नाही. तेथे त्यांना भावनांच्या पातळीवर नवी मांडणी करावी लागली.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) या कोंडीतून एक मार्ग दाखविला. कलेची स्वायत्तता मानणारी भूमिका आणि लौकिक जीवनाशी तिचे नाते मानणारी भूमिका या दोन्ही एकाच द्विध्रुवात्मक संकल्पनेची टोके आहेत, हे त्यांचे प्रतिपादन मराठी सौंदर्यविचाराला मिळालेले मोठेच देणे होय. पण या द्विध्रुवात्मकतेची चर्चा आपल्याकडे साहित्यातील नीती, सामाजिक आशय आणि बांधिलकी या प्रश्नांभोवतीच फिरत राहिली. लौकिकाचा अर्थ विचार आणि भावना एवढाच घेतला गेला. हात, हत्यार, वजन, वापर या अर्थी लौकिक कोणी घेतला नाही. परायत्त सौंदर्य जेथे सर्वांत स्पष्ट दिसते, तो प्रदेश असा अभ्यासाविना राहिला.

(४)

त्या प्रदेशातील एक साधी वस्तू घ्यावी : तांब्या. नावातच धातू आहे, आणि तरीही पितळेच्या किंवा स्टीलच्या तांब्याला तांब्याच म्हटले जाते. म्हणजे नाव धातूवरून घाटावर येऊन स्थिरावले आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ साली जो अहवाल लिहिला, त्यात उत्तम संकल्पनाचे उदाहरण म्हणून लोट्याची निवड केली होती. लोटा घडवावयाचा तर किती पाणी मावावे, हाताची पकड कशी असावी, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचा, भरलेला आणि रिकामा असताना गुरुत्वमध्य कोठे राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, घासण्यास तो सोपा जाईल काय, धातूचा स्पर्श आणि आवाज कसा असेल, अशा प्रश्नांची त्यांनी एक मोठी मालिकाच मांडली. आणि असा लोटा कोणा एका माणसाने योजिला असणे शक्य नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडविला आहे, असा निष्कर्ष काढला. याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये १९६९ साली औद्योगिक संकल्पन केंद्र सुरू झाले. संकल्पनाचा विचार असा मराठी विभागांच्या अगदी शेजारी नांदत होता. दोहोंमध्ये संवाद मात्र जवळजवळ झाला नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यावर जे मठारकाम होते, ते याहून सूक्ष्म उदाहरण आहे. तांब्याचा पत्रा तापवून मऊ केला जातो. मग थंड पत्र्यावर हातोडीचे ठोके एकापुढे एक, ओळीने, सारख्या अंतरावर पडत जातात. प्रत्येक ठोक्याने धातू तेथे दबतो आणि कणखर होतो. थंडपणी ठोकल्याने तांबे ताठर बनते, हा धातूचा गुणधर्मच आहे. त्याच ठोक्याने पृष्ठभागावर एक उथळ खळी उमटते आणि प्रकाश तीत तुटून चमकतो. भांड्याला बळकटी देणारा ठोका आणि भांड्याला शोभा देणारा ठोका असे दोन ठोके नसतात. ठोका एकच असतो. ओळींची पुनरावृत्ती, भांड्याच्या पोटाकडून गळ्याकडे जाताना खळ्यांच्या मापात होणारा बदल, खळ्यांच्या झगमगाटाला विरोध करणारी काठाची गुळगुळीत कड : मर्ढेकरांचे तिन्ही नियम येथे हजर आहेत, आणि त्यांपैकी एकही उपयोगापासून सुटा करता येत नाही. सौंदर्य वेगळे काढून उपयोग शिल्लक ठेवण्याचा किंवा उपयोग वजा करून सौंदर्य मोजण्याचा प्रयत्न येथे मुळातच चुकतो.

(५)

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, घाट जर उपयोगातून ठरत असेल तर तेथे सौंदर्यमूल्याला स्वतंत्र स्थान उरत नाही. उपयुक्त ते सुंदर, एवढेच म्हणावे लागेल. हा आक्षेप गंभीर आहे, आणि उपयुक्ततावादाचे अनेक पुरस्कर्ते त्यात सापडतातही. परंतु उपयोग घाटाची मर्यादा ठरवतो, घाट ठरवीत नाही. मराठीच्या अभ्यासकाच्या रोजच्या डोळ्यांखालचे उदाहरण म्हणजे देवनागरी अक्षर. ‘ख’ हे अक्षर पूर्वी ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे लिहिले जाई आणि ‘रव’ असे वाचले जाण्याचा धोका होता. म्हणून पुढे त्याचे खालचे टोक जोडण्यात आले. हा निर्णय उपयोगाने दिला. याउलट मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ व ‘श’ ही दोन्ही रूपे सारखीच सुवाच्य आहेत. वाचनाची सोय त्यांच्यात निवड करू शकत नाही. तरीही संगणकीय अक्षरसंचांबरोबर हिंदी वळणाची रूपे मराठी पानावर येऊ लागली तेव्हा वाचकांना ती परकी वाटली, आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमाला प्रमाणित करताना मराठी वळणाची रूपे कायम केली. उपयोग जेथे गप्प बसतो तेथे परंपरा, डोळ्याची सवय आणि शेजारच्या अक्षरांशी जमणारा मेळ बोलू लागतो. सौंदर्यनिर्णयाची जागा ती आहे. ती लहान असेल, पण तिच्या सीमा उपयोगाने स्पष्ट आखून दिलेल्या असल्यामुळे तेथे सौंदर्यनिर्णय अधिक स्वच्छ दिसतो.

दुसरा आक्षेप कॉलिंगवुडच्या मार्गाने येतो. १९३८ सालच्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये त्याने कला आणि कारागिरी यांत भेद केला. कारागिराला आपण काय घडविणार हे अगोदर ठाऊक असते. योजना आधी आणि कृती नंतर. कलावंताला आपली अभिव्यक्ती घडत असतानाच गवसते. हा भेद विश्लेषणासाठी उपयुक्त आहे. पण तो व्यक्तींची किंवा वस्तूंची दोन गटांत वाटणी करीत नाही. तांबटाजवळ कागदावरचा आराखडा क्वचितच असतो. पत्रा कोठे पातळ झाला, कोठे ओढला गेला, हे आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या प्रतिकारावरून ओळखून तो पुढचा ठोका देतो. योजना आणि कृती यांची पूर्ण फारकत यंत्रोत्पादनाबरोबर आली. तीवरून सगळ्या हस्तव्यवसायाचे स्वरूप ठरविणे म्हणजे नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीवर लादणे होय. उलटपक्षी छंद, यमक आणि कडव्यांची संख्या आधी ठरवून लिहिणारा कवीही योजनेपासून मुक्त नसतो.

मराठी भाषेने ही दोन्ही अंगे एकाच शब्दात सांभाळली आहेत. भांड्याचा ‘घाट’ म्हणजे त्याचे घडलेले रूप; पण एखाद्या कार्याचा ‘घाट घालणे’ म्हणजे त्याची योजना आखून ते अंगावर घेणे. योजना आणि रूप, हेतू आणि आकार, या दोहोंना एकच शब्द. ‘डिझाइन’ या इंग्रजी शब्दातही नेमके हेच दोन अर्थ नांदतात. त्यासाठी ‘अभिकल्प’, ‘संकल्पचित्र’ असे पारिभाषिक शब्द आपण घडविले. ते कार्यालयीन व्यवहारात आवश्यक असतील. पण त्यांत योजनेचा अर्थ येतो आणि घडलेल्या रूपाचा अर्थ निसटतो. सौंदर्यविचारासाठी ‘घाट’ हाच शब्द अधिक समर्थ आहे.

(६)

आता या चर्चेचा साहित्याशी संबंध कोणता, हा प्रश्न उरतो. उत्तर जात्यावरच्या ओवीत आहे. ही ओवी उपयुक्त वस्तू होती. जात्याचा फेरा, दोघींच्या हातांची आळीपाळीने होणारी ओढ, श्वास घेण्याची जागा आणि वैरण घालताना येणारा खंड, यांच्याशी तिची लय बांधलेली होती. सासर-माहेर, लेक, भाऊ, दुष्काळ, देव हे सगळे त्या लयीतून वाहत होते. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकावयासही मिळू लागल्या. एवढी प्रचंड सामग्री हाताशी असताना पदव्युत्तर पातळीवर या ओवीचा विचार मुख्यत्वे लोकसाहित्य, स्त्रीजीवन किंवा समाजदर्शन या सदरांखाली होतो. तिच्या घाटाचा विचार क्वचितच होतो.

याचे कारण तांब्याला बाहेर ठेवणारे गृहीतच आहे. दळण हे प्रयोजन. म्हणून ओवी ‘शुद्ध’ कविता नव्हे. म्हणून तिच्यात शोधावयाचा तो आशय, रूप नव्हे. परिणामी अनेक संकलनांत ओवी दोन ओळींत छापली जाते आणि गाताना येणारी पालुपदे, ‘गं बाई’, ‘सये’ यांसारखे पूरक शब्द व पुनरुक्ती गाळली जातात. संपादकाला ते भरताड वाटते. पण जात्याच्या फेऱ्याशी शब्दाचे माप जुळवून आणणारे ठोके तेच आहेत. भांड्यावरील मठाराच्या खळ्या घासून गुळगुळीत कराव्यात आणि मग भांडे साधेच आहे असे म्हणावे, तसे हे झाले. पाळणा, आरती, भारूड, पोवाडा, उखाणा यांची अवस्था याहून वेगळी नाही. निजविणे, ओवाळणे, जमाव खिळवून ठेवणे, नाव घेणे ही त्यांची प्रयोजने आहेत. आणि प्रयोजनाच्या मर्यादेत घडलेले सौंदर्य ओळखण्याची साधने आपल्या सौंदर्यशास्त्राने तयार केलेली नाहीत. मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग अशा रचनांचा आहे, हे लक्षात घेतले तर उणीव किती मोठी आहे, हे कळते.

(७)

तेव्हा मर्ढेकरांना बाजूला सारण्याची गरज नाही. त्यांचे नियम अधिक रुंद क्षेत्रात तपासून पाहण्याची गरज आहे. सध्या संवाद, विरोध आणि समतोल ही तीन नावे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाठ म्हणून उतरविली जातात. एखाद्या विद्यार्थ्याने ती मठारलेल्या भांड्यावर, पैठणीच्या काठावर किंवा एखाद्या मासिकाच्या पानावर पडताळून पाहिली, तर लय हा संबंधांचा नियम आहे म्हणजे काय, हे त्याला डोळ्यांनी आणि हातांनी कळेल. आणि मग तो कवितेकडे वळेल तेव्हा ‘घाट’ हा शब्द त्याच्या लेखी पोकळ राहणार नाही.

यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत परायत्त सौंदर्याला स्वतंत्र घटक म्हणून स्थान द्यावे आणि त्यात किमान एका हस्तव्यवसायाचे प्रत्यक्ष निरीक्षण अनिवार्य करावे. प्रयोगसिद्ध रचनाप्रकारांच्या संपादनात गायनाचे व वापराचे संकेत पाठाचा भाग म्हणून जतन करावेत. आणि निरनिराळ्या व्यवसायांतील रूपवाचक शब्दांचा, कारागिरांच्या तोंडून ऐकलेल्या अर्थांसह, एक कोश विद्यापीठांच्या मराठी विभागांनी सिद्ध करावा. यांपैकी तिसरे काम सर्वांत निकडीचे आहे. कारण जातीं थांबली तेव्हा ओव्या थांबल्या, तसे हत्यार थांबते तेव्हा त्याच्याभोवतीचे शब्दही थांबतात. ज्या परिभाषेवर मराठी समीक्षा उभी आहे तिचे मूळ अर्थ सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन ते अर्थ विचारून घेणे हे सौंदर्यशास्त्राचेच काम आहे.